माणसाची गोळी, कुत्र्याची भीती : निजामाच्या हैदराबादेतून निघालेला एक धागा

लक्ष्मीपूजनाची रात्र. सुतळी बॉम्ब फुटू लागले की परभणीतल्या कितीतरी घरांत पाळलेला कुत्रा पलंगाखाली शिरतो, थरथरतो, लाळ गाळतो, दारावर पंजे घासतो. काही कुत्री साखळी तोडून पळतात आणि पुन्हा सापडत नाहीत. घरच्यांना ते पाहवत नाही. त्याच घरातल्या कपाटात आजोबांना डॉक्टरांनी लिहून दिलेली अल्प्राझोलामची पट्टी असते. ‘याला अर्धी गोळी दिली तर?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास निघतो आणि त्याची दोन ठाम उत्तरेही लगेच पुढे येतात. एक म्हणते, माणसाला चालते ते कुत्र्याला का चालू नये? दुसरे म्हणते, माणसाचे औषध म्हणजे कुत्र्याला विषच.

इतिहास पाहिला तर दोन्ही उत्तरे टिकत नाहीत. माणसाचे औषध आणि कुत्र्याचे औषध अशा दोन वेगळ्या पेट्या फारशा कधी नव्हत्याच. भूल देणारी, मन शांत करणारी बहुतेक औषधे आधी जनावरांवर पारखली गेली, मग माणसाला मिळाली, आणि त्यांतली काही पुन्हा कुत्र्यांकडे परतली. या ये-जा करण्यातले एक मोठे प्रकरण निजामाच्या राज्यात घडले. परभणी तेव्हा त्याच राज्याचा एक जिल्हा होता. म्हणून आजचा धागा तिथूनच सुरू करू.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा भूल म्हणून वापर सुरू केला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा आक्रोश थांबला. जगभर त्याचे स्वागत झाले. पण तीनच महिन्यांनी, २८ जानेवारी १८४८ रोजी, न्यूकॅसलजवळच्या एका गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत मरण पावली. नोंदी सांगतात की ती शस्त्रक्रियेच्या धास्तीने आधीच रडवेली झाली होती. हा तपशील लक्षात ठेवा; पुढची साठेक वर्षे वैद्यकाने त्याला द्यावे तितके महत्त्व दिले नाही.

अशा मृत्यूंची संख्या वाढू लागली तसे वैद्यकात दोन तट पडले. लंडनकडचे डॉक्टर म्हणत, क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतो, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचे म्हणत, हृदयाला काही होत नाही, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासाकडे लक्ष द्या. ग्लासगोच्या एका समितीने १८८० साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून रक्तदाब व हृदय दोन्ही धोक्यात येतात असा कौल दिला. एडिंबरोच्या गोटाला तो मान्य झाला नाही.

या वादात हैदराबाद कुठून आले? तर एडवर्ड लॉरी यांच्यामुळे. लॉरी हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन आणि तिथल्या वैद्यकशाळेचे प्रमुख होते. एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे ते शिष्य, म्हणजे पक्के श्वासवादी. आपण हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला आणि एकही दगावला नाही, असा त्यांचा दावा होता. तो सिद्ध करण्यासाठी १८८८ साली त्यांनी निजाम सरकारच्या आश्रयाने पहिले ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमले. शंभराहून अधिक कुत्र्यांना मरेपर्यंत क्लोरोफॉर्म दिला गेला आणि प्रत्येक वेळी आधी काय थांबते हे पाहिले गेले. निष्कर्ष लॉरींच्या मनासारखा आला : आधी श्वास, मग हृदय.

लंडनचे प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिक ‘द लॅन्सेट’ याला हे पटले नाही. तेव्हा निजाम सरकारने थेट एक हजार पौंड देऊ केले : तुमचाच माणूस पाठवा, आमच्या खर्चाने प्रयोग पुन्हा करू. सहावे निजाम मीर महबूब अली खान तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ज्या खजिन्यातून हे हजार पौंड निघाले त्यात मराठवाड्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीचा आणि कापसाचा साराही होता. आपल्या पणजोबांच्या आजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून भूलशास्त्राचा एक जागतिक वाद लढवला गेला, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. ती यायला हवी, असे मला वाटते.

‘लॅन्सेट’ने पाठवले ते लॉडर ब्रंटन. औषधांच्या क्रियेचे त्या काळचे मोठे जाणकार, आणि मुळात हृदयाच्या बाजूचे. १८८९ च्या अखेरच्या महिन्यांत दुसऱ्या कमिशनने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांत माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे होते. तरी बहुतांश कुत्रीच. रक्तदाबाची रेघ कागदावर उमटवणारी यंत्रे बसवलेली होती. हैदराबादच्या वैद्यकशाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी यांचाही या कामात सहभाग होता. जगातल्या आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. प्रयोग संपेपर्यंत ब्रंटन यांचे मत पालटले. हृदय आधी थांबल्याचे एकदाही दिसले नाही, अशी तार त्यांनी लंडनला केली. १८९० साली ‘लॅन्सेट’ने हा अहवाल सविस्तर छापला.

ही कुत्री कोण होती, याचे उत्तर सोपे आहे : हैदराबादच्या रस्त्यांवरची बेवारस गावठी कुत्री. त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. माणसाला भूल सुरक्षित व्हावी म्हणून ती मेली. आणि तरीही, हा या कथेतला दुःखद भाग आहे, माणसे क्लोरोफॉर्मने मरतच राहिली. कमिशनचा निष्कर्ष मानून नाडी सोडून केवळ श्वासाकडे पाहणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावरही मरत राहिली.

मग कुत्र्यांनी खोटे सांगितले होते का? नाही. अतिमात्रा दिली तर आधी श्वास थांबतो, हे त्यांनी खरेच सांगितले. पण हॅना ग्रीनरसारखी माणसे अतिमात्रेने मरत नव्हती. ती बहुतेकदा सुरुवातीलाच, भूल पुरती चढण्याआधी, अचानक मरत होती. याचा उलगडा १९११ साली आल्फ्रेड गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून केला. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन उसळले, तर हृदयाचे कप्पे लयबद्ध आकुंचन सोडून नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण क्षणात बंद पडते. ॲड्रेनलिन हा भीतीच्या क्षणी शरीर स्वतःच रक्तात सोडते तो स्राव. जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी तो १९०१ साली शुद्ध रूपात वेगळा केला होता. १८८९ च्या हैदराबादेत कोणाला त्याचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते.

म्हणजे टेबलावर एक नव्हे, दोन औषधे होती. एक बाटलीतले आणि दुसरे रुग्णाच्या भीतीने रक्तात सोडलेले. पहिल्याची मात्रा मोजली जात होती, दुसऱ्याची कोणी मोजत नव्हते.

घाबरलेल्या कुत्र्याला गोळी देण्याच्या आजच्या प्रश्नाशी याचा संबंध अगदी थेट आहे. फटाके सुरू होऊन कुत्रा पुरता भेदरल्यावर दिलेले शामक औषध पुष्कळदा कामच करत नाही, कारण तोवर शरीरात भीतीची रसायने पूर्ण वेगाने धावत असतात. घरचे लोक मग म्हणतात, ‘अर्धीने काही झाले नाही, अजून एक देऊ.’ तासाभराने फटाके थांबतात, भीती ओसरते, आणि पोटातल्या सगळ्या गोळ्या एकदम आपले काम दाखवू लागतात. पशुवैद्य अशी औषधे आवाज सुरू होण्याआधी द्यायला सांगतात ते याचसाठी.

आता हैदराबाद सोडून रशियाकडे जाऊ. वर आला तो प्रश्न औषधाने कुत्रा मरतो कसा, हा होता. औषधाने कुत्र्याचे बिघडलेले मन सावरते का, हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला तो इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेने. घंटी वाजली की लाळ गाळणारा कुत्रा शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच प्रयोगशाळेतली घाबरलेली, खचलेली, वेडीपिशी झालेली कुत्री मात्र पुस्तकात येत नाहीत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे शेंगर-क्रेस्तोव्हनिकोव्हा या संशोधिकेने एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक ओळखायला शिकवले. वर्तुळ दिसले की अन्न, लंबवर्तुळ दिसले की काही नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेले. त्याच्या दोन अक्षांचे प्रमाण ९ : ८ झाले तेव्हा कुत्र्याला फरक कळेनासा झाला. सुमारे तीन आठवडे ही परीक्षा चालली आणि आजवर शांत असलेला तो कुत्रा टेबलावर किंचाळू लागला, पट्टे चावू लागला. आधी सहज ओळखता येणारे आकारही त्याला ओळखता येईनात. त्याला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. नुसत्या न सुटणाऱ्या पेचाने त्याचे मन मोडले होते.

दुसरा प्रसंग निसर्गाने घडवला. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला महापूर आला. तळघराच्या पातळीवरच्या खोल्यांत पाणी शिरले आणि पिंजऱ्यांतली कुत्री गळ्याएवढ्या पाण्यात अडकली. त्यांना पोहत, प्रसंगी डोके पाण्याखाली नेऊन, बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली. पण काही कुत्री शिकलेले सारे विसरून गेली, आणि पुढे दाराखालून पाण्याची लहानशी धार आत सोडली तरी एखादा कुत्रा पुन्हा कोसळे. सुतळी बॉम्बच्या एका रात्रीनंतर पुढे महिनाभर फुगा फुटला तरी थरथरणारा कुत्रा ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

या कुत्र्यांना पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकारी मारिया पेत्रोव्हा यांनी काय दिले? ब्रोमाइड. म्हणजे त्या काळचे माणसाचेच चिंताशामक औषध. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारासाठी त्याचा वापर सुचवला होता आणि त्यानंतर युरोपातल्या ‘मज्जा दुबळ्या’ झालेल्या लाखो स्त्रीपुरुषांनी ते घेतले होते. ते आता कुत्र्याच्या वाडग्यात आले. माणसाची चिंतेची गोळी कुत्र्याला देण्याचे, नीट नोंद ठेवून केलेले हे पहिल्या प्रयत्नांपैकी एक मोठे उदाहरण म्हणता येईल.

परिणाम काय झाला? काही कुत्री झपाट्याने सुधारली. काही अधिकच बिघडली. सुरुवातीला याचे कारण कळेना. मग लक्षात आले की मात्रा केवळ वजनावर ठरत नाही, कुत्र्याच्या स्वभावावर ठरते. पाव्हलॉव्ह ज्यांना बलवान मज्जासंस्थेची म्हणत, त्या कुत्र्यांना मोठी मात्रा लागे. दुबळ्या, भित्र्या कुत्र्यांना त्याच मात्रेने अपाय होई. त्यांना अगदी चिमूटभर मात्रा लाभे. म्हणजे ज्याला औषधाची गरज सर्वांत जास्त दिसते, त्यालाच सर्वांत कमी औषध सोसते. मला या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत मोलाचा शोध वाटतो. घरगुती तर्क नेमका उलट चालतो : जितका जास्त घाबरलेला, तितकी मोठी गोळी.

(जाता जाता : पोटॅशियम ब्रोमाइड माणसाच्या औषधातून जवळपास हद्दपार झाले, पण कुत्र्यांच्या अपस्मारावर ते आजही दिले जाते. माणसाने टाकलेले औषध कुत्र्याने सांभाळले.)

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मनाच्या औषधांचा अक्षरशः पूर आला. त्यात भारताचाही मोठा वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यकात जुनी. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवर तिच्या वापराचे निरीक्षण छापले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पाश्चात्त्य जग जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रेसर्पिन वेगळे केले गेले. माणसांच्या मनोरुग्णालयांत ते वापरले गेले, आणि बुजऱ्या घोड्यांना शांत ठेवण्यासाठीही.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन आले. त्याची पारख उंदरांवर झाली होती. घंटी वाजली की विजेचा झटका बसतो, म्हणून दोरीवर चढायला शिकवलेले उंदीर हे औषध घेतल्यावर घंटी ऐकूनही चढेनात. चढण्याची ताकद त्यांच्यात होती. घंटीची पर्वा उरली नव्हती. पुढे अमेरिकेत होफमन-ला रोश कंपनीतले लिओ स्टर्नबाख यांनी बनवलेले एक रसायन १९५७ साली मांजरांना व उंदरांना देऊन पाहिले गेले आणि चावरी माकडे ते घेऊन माणसाळली. तेच १९६० साली लिब्रियम या नावाने माणसांसाठी बाजारात आले. १९६३ साली त्याचे भावंड डायझेपाम आले. अल्प्राझोलाम त्याच घराण्यातले. तेव्हा आजोबांच्या कपाटातली ती पट्टी ‘माणसाची’ आहे हे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्या घराण्याची पहिली ओळख जनावरांच्या पिंजऱ्यापाशी झाली.

क्लोरप्रोमाझिनच्या कुळातले एसप्रोमाझिन पशुवैद्यकात फार रुळले. फटाक्यांच्या रात्रीसाठी ते अनेक दशके कुत्र्यांना दिले गेले. कुत्रा आडवा पडे, हलत नसे, घरचे समाधानाने झोपत. नंतर वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांनी शंका घेतली : हे औषध हालचाल थांबवते, पण भीती थांबवते का? कुत्रा जागाच असतो, आवाज ऐकत असतो, फक्त पळू शकत नाही. म्हणून आज आवाजाच्या भीतीवर ते एकटे देणे टाळले जाते. कोणतेही शामक देताना विचारायचा हा प्रश्न मला वाटते सर्वांत अवघड आहे. कुत्र्याची भीती घालवायची आहे, की ती आपल्याला दिसू नये एवढेच हवे आहे?

शेवटी औषधांनी उघडपणे परतीचा रस्ता धरला. माणसाच्या नैराश्यावर व मंत्रचळेपणावर वापरले जाणारे क्लोमिप्रामिन १९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांसाठी मंजूर केले. घरी एकटे राहावे लागले की सैरभैर होणाऱ्या कुत्र्यांसाठी. २००७ साली फ्लुऑक्सेटिनची, म्हणजे माणसांत प्रोझॅक नावाने गाजलेल्या औषधाची, चघळता येणारी गोळी त्याच कारणासाठी मंजूर झाली. दोन्ही वेळी एक अट होती : औषधाच्या जोडीला कुत्र्याला वळण लावण्याचे शिक्षण हवे. नुसती गोळी पुरेशी मानली गेली नाही. ‘माणसाचे औषध म्हणजे कुत्र्याला विष’ हे उत्तर इथे गळून पडते.

पण पहिले उत्तर, ‘माणसाला चालते ते याला का नको’, हे त्याहून धोकादायक आहे, आणि त्याचा सर्वांत भयंकर पुरावा आपल्याच देशात आहे. डायक्लोफेनॅक हे माणसाच्या सांधेदुखीचे औषध. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या, ज्वराने आजारी बैलांना, गायींना सर्रास टोचले जाऊ लागले. गुरांना आराम पडे. पण अशी गुरे मेल्यावर ती खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मधून जगापुढे मांडले. २००६ साली भारताने डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या ३० मिलीच्या मोठ्या कुप्या विकत घेऊन गुरांना टोचणे चालूच राहिले. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपीही ३ मिलीची करावी लागली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. तीन शरीरे, एक औषध : माणसाला आराम, बैलाला आराम, गिधाडाला मृत्यू.

घरातल्या प्राण्यांतही हेच आहे. पॅरासिटामॉल तापलेल्या लेकराला रोज दिले जाते. मांजराला त्याची एक गोळीही मारक ठरू शकते, कारण ते निष्प्रभ करण्याची यकृतातली व्यवस्था मांजरात फार दुबळी असते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. डायझेपाम माणसाच्या शरीरात दिवसभर आणि त्याहूनही जास्त रेंगाळते, कुत्र्याच्या शरीरातून काही तासांतच ओसरते. उलट काही मांजरांचे यकृत तोंडावाटे दिलेल्या डायझेपामने निकामी झाल्याची नोंद १९९६ साली झाली. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत साखरेऐवजी झायलिटॉल असते. ते कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक रीतीने खाली आणते. तिथे तर औषधापेक्षा त्यातला गोडवाच घातक.

आणि अल्प्राझोलाम? पशुवैद्य ते कुत्र्यांना देतातही. मात्र काही कुत्री ते घेतल्यावर शांत होण्याऐवजी उलट उसळतात, येरझारा घालतात. भीतीमुळेच आजवर न चावलेला कुत्रा भीतीचा लगाम सुटल्यावर चावू शकतो. घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट किती मोठी आहे, हे सांगायला नको.

आपल्या जुन्या परंपरेला हा शरीरभेद ठाऊक होता. घोड्यांसाठी शालिहोत्राचे शास्त्र वेगळे, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद वेगळा. राजांच्या पागेत आणि पिलखान्यात त्यांचे जाणकारही वेगळे. बेवारस कुत्र्याच्या वाट्याला अशी राजमान्यता आली नाही, आणि हैदराबादच्या कमिशनला तो इतक्या सहज मिळाला तो त्यामुळेही असेल.

परभणीपुरते बोलायचे तर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले, मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी. पुढे नागपूरचे पशुविज्ञान विद्यापीठ झाले तेव्हा ते त्याच्याशी जोडले गेले. ज्या मुलखात पशुवैद्य म्हणजे बैलाच्या खुरांचा आणि म्हशीच्या व्येतांचा डॉक्टर अशीच ओळख होती, तिथे ‘माझा कुत्रा घाबरतो’ ही तक्रार घेऊन जाणे अजूनही काहींना संकोचाचे वाटते. तो संकोच बाळगण्याचे कारण नाही. पाव्हलॉव्हच्या काळापासून शंभर वर्षे ही रीतसर वैद्यकीय तक्रार आहे.

कायदाही इथे स्पष्ट आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. आजोबांच्या नावची चिठ्ठी आजोबांच्या वजनाची, वयाची, यकृताची आणि आजाराची आहे. त्यांच्या पट्टीतली अर्धी गोळी मोडून कुत्र्याला देऊ नये, हे माझे स्पष्ट मत. त्याच नावाची गोळी उद्या पशुवैद्यानेच कुत्र्याला लिहून दिली, तर ‘ही तर माणसाची’ म्हणून ती नाकारू नये, हेही तितकेच स्पष्ट मत.

पशुवैद्याकडे जाताना काही गोष्टी सांगता यायला हव्यात : कुत्र्याचे वजन व वय, आधी कधी झटके आले होते का, सध्या दुसरे कोणते औषध चालू आहे, आणि तो घाबरतो तेव्हा नेमके काय करतो. लपतो, की पळतो, की दात दाखवतो? मोबाइलवर त्याची छोटी चित्रफीत असेल तर उत्तम. चुकून माणसाची गोळी त्याच्या पोटात गेलीच असेल, तर ओकारी काढण्याचे घरगुती उपाय न करता गोळीची पट्टी हातात घेऊन तडक निघावे. किती गेली हे त्या पट्टीवरूनच कळते.

राहिला वेळेचा प्रश्न. आवाजाच्या भीतीवरची काही औषधे तास-दोन तासांत काम करतात. तरी ती एकदा आधी, शांत दिवशी, देऊन पाहावी लागतात, कारण आपला कुत्रा निजणारा आहे की उसळणारा हे आधी कळायला हवे. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन यांसारख्या औषधांचा पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. फटाक्यांच्या ध्वनिमुद्रणाचा आवाज अगदी बारीक ठेवून, खाऊ देत, रोज थोडा वाढवत कुत्र्याची भीती मोडायची असेल, तर त्यालाही तेवढेच दिवस हवेत. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसाठी पशुवैद्याची पायरी चढायची ती गणपतीच्या दिवसांत, विसर्जनाचे ढोल-ताशे सुरू होण्याच्या आधी.